सोमवारची बाटली

॥ श्री बिरोबा प्रसन्न ॥

खडकवस्ती, ता. सांगोला
२० सप्टेंबर २०२४

राजेश्वरी मॅडम यांना मुक्ताबाईचा नमस्कार.

पत्रास कारण की, असं लिहायची रीत आहे. पण कारणावर आले की पेन अडतंय, म्हणून आधी खुशाली लिहिते. कारण मागनं बघू.

आम्ही सगळे बरे आहोत. अंगणवाडीत माझं मदतनिसाचं काम चालू आहे. खिचडी शिजवते आणि पोरांची नाकं पुसते. आमच्या मालकांचा गुडघा धरलाय, पण मेंढरामागं जायचं काही सोडत नाहीत. "घरात बसलो तर तू बोलून बोलून मारशील," म्हणतात. बघा की, एकतीस वर्षं नांदले त्याचं हे बक्षीस.

तुमच्या आई, रत्नम्मा, कशा आहेत? त्या एकदा तुमच्याबरोबर आल्या होत्या तेव्हा माझ्या चुलीपाशी बसून अर्धं तेलुगू अर्धं मराठी बोलल्या, आणि मला सगळं कळलं. त्यांनी दिलेली शेंगाचटणी मी महिनाभर पुरवून खाल्ली. जुळे सोलापुरातल्या तुमच्या त्या तिसऱ्या मजल्याचा जिना त्यांना अजून झेपतो का? त्यांना माझा नमस्कार सांगा. सांगाल ना?

फोन का केला नाही म्हणाल. तीनदा केला, तुम्ही उचलला नाही. एका अर्थी बरंच झालं. फोनवर माझं तोंड सुटतं आणि मूळ गोष्ट राहून जाते, हे तुम्हाला ठाऊक आहे. कागदावर निदान खोडता येतं. हा तिसरा कागद आहे.

यंदा पाऊस चांगला झाला. गेल्या साली आटत आलं होतं ते आमचं पाझर तलावाचं तळं यंदा निम्म्यावर भरलंय. बगळे आलेत. बायका धुण्याला जातात. पण मावळतीच्या कोपऱ्यात पाण्यावर हिरवी साय धरू लागली आहे. तुम्ही शिकवलं तशी मी काडी बुडवून बघितली. तारातारांचं शेवाळ असतं तर काडीला गुंतून वर आलं असतं, आणि त्याला भ्यायचं नाही, असं तुम्ही सांगितलं होतं. हे गुंतलं नाही. काडी दाराच्या रंगात बुडवल्यासारखी हिरवी होऊन आली. मग काचेच्या बरणीत पाणी भरून फळीवर ठेवलं. सकाळी बघते तर सगळं हिरवं वर येऊन बसलेलं आणि खाली पाणी नितळ. म्हणजे तेच असणार ना, मॅडम? ते निळं-हिरवं, विषाचं?

तुम्ही नव्यानं बाटल्या पाठवाल का? दीड वर्ष आम्ही बारा गावची माणसं दर सोमवारी आपापल्या तळ्याचं पाणी बाटलीत भरून एस.टी.नं तुमच्या कॉलेजात धाडत होतो. तुम्ही ते सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचा आणि निरोप द्यायचा. हिरवी खूण म्हणजे बिनघोर, पिवळी म्हणजे जपून, लाल म्हणजे जनावर पाण्यात घालायचं नाही. किती चांगलं चाललं होतं. माझ्या फळीवर अजून त्या खुणांचा तक्ता चिकटवलेला आहे.

गेल्या साली झालं ते झालं. लोक बोलले तुम्हाला. माणूस दुःखात असला की बोलून जातो, त्याचं काय मनाला लावून घ्यायचं. तुम्ही शिकलेल्या, समजून घ्या.

बाटल्या पाठवा. आमची मेंढरं धुवायचे दिवस जवळ येत आहेत.

तुमची,
मुक्ताबाई


खडकवस्ती
३ ऑक्टोबर २०२४, घटस्थापना

राजेश्वरी मॅडम,

तुमचं कार्ड परवा मिळालं. पोस्टमन म्हणाला, कार्ड लिहिणारं माणूस आता दुर्मिळ झालंय, तर मी म्हटलं, बाबा, त्यावरचा मजकूर वाचून मग कौतुक कर. त्यानं वाचला आणि गप गेला.

"पाण्याचं काम मी सोडलं आहे. माझ्या एका निकालावर विश्वास ठेवून तेवीस मेंढरं मेली. माझी नजर कुठं चुकली ते मला अजून सापडलेलं नाही. पुन्हा बाटली पाठवू नका." एवढंच. खाली सही सुद्धा नाही.

मी कार्ड देव्हाऱ्यात ठेवलं, पण तिथं ते माझ्याकडं बघत बसलं. मग पिठाच्या डब्याखाली ठेवलं. आज घट बसले, घरात उपास आहेत, आणि मला हे कार्ड घेऊन घटाम्होरं बसवेना. म्हणून लिहायला बसले.

मागच्या पत्रात मी लिहिलं, लोक बोलले. ते तसं नाही. पहिली मी बोलले.

तुम्ही त्या मंगळवारी एकट्या आला होता. पारापाशी उभ्या राहिलात. थोरले भावजी, म्हणजे माझे थोरले दीर बिरप्पा, तेवीस मेंढरं पुरून आले होते. त्यांच्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत पुरळ उठलं होतं, आणि ते मातीत नुसते बसले होते. कुणीच काही बोलत नव्हतं, मॅडम. आणि मी पुढं येऊन ओरडले, "हिच्या यंत्रानं मारली आमची मेंढरं! हिरवी खूण दिली हिनं, हिरवी!" मग सगळे सुटले. कुणी तुमची पिशवी ओढली. तुमच्या बाटल्या फुटल्या. आणि तुम्ही एवढंच म्हणालात, "चूक आमचीच असेल. मला माफ करा." पोरवयाची बाई तुम्ही, भर उन्हात हात जोडून उभ्या होतात. मी त्या हातांकडं बघितलं नाही. मी तुमच्या चपलांकडं बघत होते.

माझ्या घरी तुम्ही किती वेळा जेवला होता. माझ्या हातची बाजरीची भाकरी तुम्हाला आवडते म्हणून मी तुमच्यापुरती जाड थापायची.

आणखी एक आहे. मेंढरं धुवायच्या आधी थोरल्या भावजींना शंका आली होती. लोकर कातरायच्या आधी आमच्यात मेंढरं तळ्यात धुतात. बापय माणसं कमरेएवढ्या पाण्यात रांगेनं उभे राहतात आणि एकेक मेंढरू हातोहात पुढं देतात. पहिलं मेंढरू थोरल्याच्या कळपातलं असतं, ही वस्तीची रीत. भावजी आदल्या दिवशी तळ्यावर जाऊन आले आणि आमच्या मालकांना म्हणाले, "ज्ञानबा, पाण्याला वास येतोय रं. यंदा हिरीवर इंजिन लावून धुऊया." मी दाराआडनं ऐकलं. मी थोरल्या भावजींशी समोरासमोर बोलत नाही, आमच्यात बोलत नाहीत. मी मालकांना आत बोलावलं आणि सांगितलं, "त्यांना म्हणावं, कॉलेजची हिरवी खूण आलीय. एवढी शिकलेली बाई खोटं सांगंल व्हय? का माझ्या बाटलीवर इश्वास न्हाय?"

भावजींनी ऐकलं. वस्तीत एक बाई दीड वर्ष सायबासारखी बाटली भरते, ती म्हणते म्हणजे असेल, असं त्यांना वाटलं असणार. रीतीप्रमाणं त्यांचाच कळप आधी पाण्यात उतरला, आणि ती मेंढरं पडायला लागली तेव्हा बाकीच्यांनी आपली मागं वळवली.

यंदा दसऱ्यानंतरचा बुधवार ठरलाय, सोळा तारीख. साय वाढत चालली आहे. मी चार जणांना सांगून बघितलं, तर म्हणाले, "गेल्या साली कागदानं मारलं, यंदा तुझी काडी मारणार व्हय? पाणी हिरवंच असतंय." वस्तीची साडेतीनशे मेंढरं आहेत, मॅडम. गाभण किती आहेत ते मोजलेलं नाही.

तुमची नजर चुकली नाही. एवढंच आज लिहिते. पुढचं लिहायला बळ नाही.

मुक्ताबाई


खडकवस्ती
७ ऑक्टोबर २०२४

मॅडम,

आज सोमवार. बाटलीचा वार. सकाळी अंगणवाडीतनं आले आणि सवयीनं बाटली शोधायला लागले, मग हसू आलं आणि मग रडू आलं. आता सांगतेच. मधे थांबले तर पुन्हा घट, उपास, गुडघा असलं काहीतरी लिहीत बसेन.

तुमच्या प्रयोगशाळेतला गुरुशांत आठवतो ना? त्याचा काही दोष नाही, पोरगं थट्टेखोर आहे. गेल्या साली ऑक्टोबरात मी माझी बाटली द्यायला स्वतः सोलापूरला आले होते, सिव्हिलमध्ये मालकांचा डोळा दाखवायचा होता म्हणून. त्यानं बाटली उजेडात धरली आणि म्हणाला, "काय मावशी, तुमच्या गावचं पाणी म्हणजे शेपूची भाजी की हो! हेच पिता व्हय?" सगळे हसले. तुम्ही पण हसलात. मीही हसले. एस.टी.त बसल्यावर मात्र माझे कान तापले ते सांगोल्यापर्यंत तापलेलेच होते.

तुम्हाला नाही कळायचं ते. माझी सासू मला पसंत करायला आली होती तेव्हा तिनं माझं तोंड नंतर बघितलं, आधी आमच्या घरचा माठ बघितला. खडकवस्तीत कुणाच्या घरी पाहुणा आला आणि पाणी गढूळ असलं तर शेजारीण तांब्या घेऊन माझ्या दारात येते. मुक्ताच्या घरचं पाणी, असं म्हणतात. माझ्याजवळ दुसरं काय आहे? सातवी शिकले, अंगणवाडीत खिचडी हलवते, पोर झालं नाही. तेवढं एक पाणी होतं माझं.

पुढचा सोमवार तीस ऑक्टोबरचा होता. तुम्हीच फोनवर म्हणाला होता, या खेपेला पुण्याचे मोठे सर येणार आहेत, सगळ्या गावांच्या बाटल्या मांडून ठेवायच्या आहेत. मी बाटली घेऊन तळ्यावर गेले. मावळतीच्या अंगाला साय होती, जाड. वारा सगळं तिकडं ढकलत होता. बाटली तिथंच भरायची, दर वेळी त्याच दगडापाशी, हे तुम्ही दहा वेळा सांगितलं होतं. मी त्याच दगडापाशी बसले. त्यात लबाडी केली नाही.

पण बसल्यावर हात आपोआप पाण्यावर फिरला. घागर भरताना बाई करते तसं. वरचा केर बाजूला सारायचा, तीनदा, आणि मग भांडं खोल बुडवायचं. मी बाटली कोपरापर्यंत खोल बुडवली. भरल्यावर बघितलं तर अजून हिरवट होतीच. मग घरी आले. नव्या धोतराचं फडकं काढलं, चार पदर केले, आणि तुमची बाटली गाळली. पुन्हा गाळली. मग धरली उजेडात. नितळ. मला इतकं बरं वाटलं, मॅडम, तुम्हाला सांगते. पाहुण्याला पाणी दिल्यासारखं वाटलं.

फडक्यावर हिरवा चोथा राहिला होता. तो मी परसात झटकला. कोंबड्यांनी टोचला की काय ते बघितलं सुद्धा नाही.

त्यातलंच विष मी काढून ठेवलं आणि पाणी तुमच्याकडं पाठवलं. तुम्ही जे बघितलं ते बरोबर बघितलं. त्या बाटलीत काही नव्हतंच. हिरवी खूण खरी होती, पण ती माझ्या फडक्याची होती. आमच्या तळ्याची नव्हती.

तेव्हा कळलं नव्हतं का, असं विचाराल. गाळताना नाही कळलं, शपथ घेते. मला वाटलं, विष म्हणजे औषधाच्या बाटलीतल्यासारखं पाण्यात विरघळलेलं असतं, ते थोडंच फडक्यात अडकतं. तुम्ही पहिल्या दिवशी सांगितलं होतं की ते जिवंत असतं, किड्याहून बारीक, आणि चिकटून राहतं. पण ऐकलेलं आणि हाताला ठाऊक असलेलं वेगळं असतं. मेंढरं थरथरायला लागली, पायात पाय घालून पडायला लागली, तेव्हा मात्र मला लख्ख कळलं. त्या क्षणी कळलं. आणि मंगळवारी तुम्ही पारापाशी आलात तेव्हा मला सगळं ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणून तर ओरडले. तुमचा आवाज निघायच्या आत माझा निघाला पाहिजे असं वाटलं.

अकरा महिने मी हे पोटात घेऊन हिंडतेय. भावजींनी उरलेली मेंढरं सांगोल्याच्या बाजारात विकली. वस्तीवरचे म्हातारे त्यांना थोरले म्हणून अजून पहिला मान देतात, पण ते सकाळी उठून मेंढरं कोंडायच्या रिकाम्या वाघरीपाशी जातात, जाळं सोडतात, पुन्हा बांधतात. मी अंगणातनं ते रोज बघते.

मी तुम्हाला सांगितलं. त्यांना सांगायची छाती नाही. तुम्ही सरपंचांना फोन करून सांगा की, पाणी वाईट आहे, बुधवारी मेंढरं घालू नका. माझं नाव घेतलं तरी चालेल. नाही घेतलं तर उपकार होतील.

अपराधी,
मुक्ताबाई


खडकवस्ती
३० ऑक्टोबर २०२४

राजेश्वरी मॅडम,

तुमचे चार फोन येऊन गेले ते सगळे मालकांनी घेतले. मला द्या म्हटलं तरी मी हातात घेतला नाही. म्हणून आता सगळं सविस्तर लिहिते.

शुक्रवारी अकरा तारखेला कंडक्टरनं खोकं आणून दिलं. वर तुमचं अक्षर ओळखलं. आत सहा बाटल्या आणि एक चिठ्ठी. "मी निकाल दिला तरी आता कोण मानणार? आधी बिरप्पांना तुम्ही सांगा. मग बाटली भरा. मी मोजते." मला वाटलं होतं तुम्ही शिव्या घालाल. शिव्या घातल्या असत्या तर सोपं गेलं असतं. मला तुमचा राग आला, खरं सांगते. म्हटलं, हिचं काय जातंय सोलापुरात बसून. दिवसभर भांडी आपटली. मग खोकं उघडून बाटल्या पुन्हा मोजल्या. सहाच्या सहा नव्या होत्या. म्हणजे तुम्ही पुन्हा काम धरलं होतं. माझ्या त्या घाणेरड्या पत्रावर विसंबून धरलं होतं.

दसऱ्याला बिरोबाच्या देवळापाशी सगळी वस्ती जमते. सोनं लुटून झालं. बापय पारावर, बाया खाली. थोरले भावजी मधे बसले होते आणि बुधवारी कोण कुठं उभं राहायचं ते ठरत होतं. मी डोक्यावर पदर घेतला आणि सरळ पारापुढं जाऊन उभी राहिले. आमचे मालक म्हणाले, "काय गं, काय पायजे?" मी त्यांच्याकडं बघितलं नाही.

मी म्हणाले, "भावजी, तुमची मेंढरं कागदानं मारली न्हाईत. मी मारली."

एकतीस वर्षांत त्यांच्या तोंडाकडं बघून बोललेलं माझं पहिलं वाक्य हे. सगळं सांगितलं. दगड, साय, हात फिरवला ते, फडकं, गुरुशांतची थट्टा सुद्धा. मधे कुणीतरी म्हणालं, "वैनी येडी झालीया." मालक उठून माझा दंड धरायला आले, तर भावजींनी हात वर करून त्यांना थांबवलं.

मी बोलायची थांबले. मग भावजींनी विचारलं,

"किती पदरी गाळलंस?"

"चार."

त्यांनी मान हलवली. आमच्या सासूबाई चार पदरीच गाळायच्या. पाहुण्यांचं पाणी. त्यांच्या आईचंच शिकवलेलं फडकं ते. भावजींना ते कळलं, आणि त्यांना कळलं हे मला कळलं. त्यांचे डोळे भरले नाहीत, राग पण आला नाही. ते नुसते पुरळाचे डाग राहिलेल्या हातांकडं बघत बसले.

मग उठून म्हणाले, "बुधवारचं रद. त्या बाईकडं बाटली जाऊ दे. ती म्हणंल तसं." आणि एकटे घराकडं गेले. सोनं कट्ट्यावरच राहिलं होतं त्यांचं.

तरी पोरांनी कुरकुर केलीच. दुसऱ्याच दिवशी मी बाटली भरून धाडली. मंगळवारी तुमचा फोन आला, लाल खूण, आणि एवढी लाल की तुम्ही दोनदा मोजलं, तेव्हा सगळे गप झाले. रविवारी वीस तारखेला विहिरीवर इंजिन लावून मेंढरं धुतली. दिवस मोडला, कंबरा मोडल्या, सगळे मला ऐकू येईल असं बोलत होते. पण एकही मेंढरू पडलं नाही. साडेतीनशे गेली आणि साडेतीनशे परत आली. संध्याकाळी मी कुडापाशी उभी राहून त्यांचं ओरडणं ऐकत होते. ऐकतच राहावंसं वाटत होतं.

आता माझं. माझ्याशी बायका बोलतात, पण तांब्या घेऊन कुणी येत नाही. अंगणवाडीत दोन पोरींच्या आयांनी पाण्याच्या बाटल्या घरनं द्यायला सुरुवात केलीय. मालक रोज जेवतात माझ्या हातचं, पण पहिल्या दोन दिवशी त्यांनी पेला तोंडाला लावायच्या आधी आत बघितलं. माझ्या देखत. मग बघायचं सोडलं. मी रडले नाही. मला रडायचा हक्क नाही असं मी ठरवलंय.

थोरले भावजी माझ्या दारात येत नाहीत. पाडव्याला आले नाहीत तरी मी बोलावणं धाडीन. माफ केलं का, तर नाही केलं. करावं असं मीही म्हणत नाही. पण मॅडम, दोन सोमवार झाले. मी बाटली घेऊन त्या दगडापाशी जाते तेव्हा ते बांधावर येऊन उभे असतात. काठी टेकून. जवळ येत नाहीत, बोलत नाहीत. माझा हात पाण्यावर फिरतो का, तेवढं बघतात. मी बाटली जशी आहे तशी भरते, वरच्या सायीसकट, बूच लावते आणि वर धरून दाखवते. मग ते जातात. परवा जाताना म्हणाले, "बूच घट लाव." एवढंच. मी घरी येऊन ते तीनदा स्वतःशी म्हणून बघितलं.

आता तुमच्याकडं एक मागणं आहे, शेवटचं. गुरुशांतनं फोनवर मालकांना सांगितलं की, तुमच्या वहीत गेल्या सालच्या तीस ऑक्टोबरच्या ओळीपुढं तुम्ही स्वतःच्या हातानं "तपासणीतील चूक" असं लिहून ठेवलंय. ते खोडा. तुमच्या मागनं जी पोरं ती वही उघडतील त्यांना तुमचं नाव वाईट दिसायला नको. आणि पुढं कुठल्या तरी गावची कुणी बाई बाटली भरायला बसेल, तिचाही हात पाण्यावर फिरेल, तिला आधीच सांगता यावं म्हणून खरं काय झालं ते तिथं लिहा. नमुना हात फिरवून, खोल बुडवून भरला व चार पदरी फडक्यानं गाळला. भरणाराच्या नावापुढं नुसतं मुक्ताबाई लिहू नका, वस्तीवर आम्ही तिघी मुक्ताबाई आहोत आणि त्या दोघींचा काही दोष नाही. पूर्ण नाव लिहा. खाली देते.

मुक्ताबाई ज्ञानबा मेटकरी
खडकवस्ती, तालुका सांगोला, जिल्हा सोलापूर